वर दादा, खाली जालिंदर

"घरात काय काय चालवायचंय ते एकदा सांगा. मग किती ताकदीचा जनरेटर लागेल ते मी सांगतो," एजंट म्हणाला आणि त्यानं टीपॉयवर रंगीत चित्रांची पुस्तिका उघडली.

प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्याहून सोपं. आतल्या खोलीत माझी आई हवेच्या गादीवर पडून होती आणि लाईट गेली तरी त्या गादीचा पंप चालू राहायला हवा होता. एवढ्याचसाठी तर या माणसाला कोल्हापूरहून बोलावलं होतं. मी तोंड उघडणार इतक्यात दादा म्हणाला, "एसी."

"कुणाचा?" धाकट्या भावानं, जालिंदरनं विचारलं.

"कुणाचा म्हंजे? माझा. घरात दुसऱ्या कुणाकडं हाय एसी?"

एजंटनं एसी लिहून घेतला. मग फ्रीज, टीव्ही, बोअरची मोटर, मालनवहिनींचा मिक्सर आणि देवघरातली लुकलुकणारी माळ असं एकेक दादाच्या तोंडून बाहेर पडत गेलं. दादाचं संपलं तसा जालिंदर खाकरला.

"माझ्या बाजूलाबी एसी धरा."

"तुझ्याकडं एसी कुठं हाय रं?"

"घेणार हाय की. आधी जनरेटर बारका घ्यायचा आन मग एसी आणला की तुझ्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?"

एजंटला अशी घरं नवीन नसावीत. त्यानं निमूटपणे दुसरा एसी धरला. मग जालिंदरचा फ्रीज, जालिंदरचा टीव्ही, आणि त्याच्या बायकोचं पिठाचं घरगुती जातं. तेही अजून घेतलेलं नव्हतं. बेरीज वाढत गेली तसा एजंट पुस्तिकेची पानं पुढं पुढं उलटत गेला. सुरुवातीच्या पानांवर हातात उचलून नेता येतील असे छोटे जनरेटर होते. आता तो अशा पानावर पोचला होता जिथं जनरेटरशेजारी उभा असलेला माणूस बारका दिसत होता.

"आणि आईची गादी," मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडं पाहिलं. गादी म्हणजे काय, हे क्षणभर कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"ती किती वॅटची?" एजंटनं विचारलं.

"झिरोच्या बल्बाइतकी."

एजंट हसला. "मग ती काय, कुठंही बसेल."

"ती काय, कुठंबी बसंल," दादा म्हणाला. जालिंदरनंही मान डोलावली. वाटणी झाल्यापासून दोघा भावांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

वाटणीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. वडिलांनी एका चांगल्या उसाच्या वर्षी वारणाकाठच्या आमच्या गावात हा स्लॅबचा बंगला बांधला. ते गेल्यावर वर्षभरात दादा आणि जालिंदरनं तो मधोमध वाटून घेतला. मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि त्याबद्दल मला जरीकाठी साडी मिळाली. काठ खरोखरच चांगले होते. पाहुण्यांसमोर घर फुटलेलं दिसू नये म्हणून हॉलमध्ये भिंत घातली नाही, नुसती फरशीत एक पितळी पट्टी बसवली. पट्टीच्या अलीकडं दादाचा सोफा, पलीकडं जालिंदरचा. पाहुणा ज्याचा असेल त्याच्या सोफ्यावर बसायचा, आणि चुकून दुसऱ्या सोफ्यावर टेकला तर चहा कुणी करायचा यावर आत कुजबूज चालायची.

राहिली आई. तिची वाटणी करता येत नव्हती म्हणून तिची पाळी लावली. एक महिना दादाकडं जेवायचं, एक महिना जालिंदरकडं. राहायला मागची खोली, तिच्या हयातीपर्यंत तिची, पुढं दोघांत निम्मी. आता त्या खोलीतल्या दिव्याचं आणि पंख्याचं बिल कुणाच्या मीटरवर, असा घोर प्रश्न उभा राहिला. यावर गावच्या पोपट वायरमननं असा तोडगा काढला की दोघंही खूश झाले. त्यानं आईच्या खोलीबाहेर भिंतीवर एक चेंजओव्हर बसवला, लाल मुठीची दांडी असलेला. दांडी वर केली की दादाचं मीटर, खाली केली की जालिंदरचं. मधे ठेवली तर कुणाचंच नाही. दर पहिल्या तारखेला पाळी बदलली की दांडी बदलायची. दादा दांडी वरून मधे आणायचा आणि सोडायचा. खाली ढकलायचं काम जालिंदरचं. "मी त्याच्या बाजूला घातली तर म्हणंल, दादानं परस्पर माझ्या मीटरवर ढकललं," हा दादाचा खुलासा. पुढच्या महिन्यात हेच सगळं उलट.

"वर दादा, खाली जालिंदर, आन मधी तुमची आई," असं आई म्हणायची आणि हसायची. तेव्हा ती हिंडतीफिरती होती. दांडी मधे राहिली तर उठून स्वतःच ओरडायची, "आरं, अंधारात बसवलं बघा मला!" मग कुणीतरी येऊन ती सरकवायचं.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आवाजही गेल्यासारखाच झाला. जवळ कान नेला तरच शब्द कळायचे. पडून पडून कंबरेखाली जखम झाली. डॉक्टरांनी हवेची गादी आणायला लावली. त्या गादीला आडव्या नळ्या असतात. पंप एकाआड एक नळ्या फुगवतो आणि उरलेल्या उतरवतो, मग थोड्या वेळानं उलट. म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. आमच्या घराला शोभणारीच वस्तू होती, आळीपाळीनं सांभाळणारी. फक्त ती कुरकुर करत नसे.

"पंप बंद पडला की गादी तासाभरात बसते," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "मग त्या फळीवरच झोपल्यासारख्या. जखम हाडापर्यंत गेली तर या वयात भरून यायची नाही. लाईटचं काहीतरी बघा."

ते लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसाकाठी पाच-सहा तास लाईट जायची. मी इस्लामपूरला शाळेत शिकवायचे. उन्हाळी सुट्टी लागली तशी माहेरी येऊन राहिले होते. लाईट गेली की मी आईच्या पाठीशी, गुडघ्यांत उशा लावायचे, थोड्या थोड्या वेळानं तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचे. पण जूनच्या मध्याला शाळा उघडणार होती. मी गेल्यावर हे कोण करणार, याची धास्ती मला आतून खात होती. मालनवहिनींच्या कंबरेत चमक भरलेली असायची आणि जालिंदरच्या बायकोला, सुरेखाला, जखम बघितली की चक्कर यायची.

मी आधी म्हटलं होतं, एक छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरेल, मी माझ्या पगारातून आणते. त्यावर दादा असा भडकला की जणू मी आईला पळवून न्यायला आले होते.

"लेकीच्या पैशावर आईनं श्वास घ्यायचा? दोन दोन ल्योक जित्ते असताना? गाव तोंडात शेण घालंल आमच्या!"

"दादा, कोपऱ्यात ठेवायची पेटी आहे ती. कुणाला दिसणार पण नाही."

"त्येच म्हणतोय मी," दादा म्हणाला. "दिसणार न्हाई."

म्हणून जनरेटर. आणि तोही मोठा, दारात उभा राहिला की रस्त्यावरून दिसणारा. दादाला त्या वर्षी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जायचं होतं, आणि आईसाठी एवढा खर्च करणारा मुलगा म्हणजे भला माणूस, हे सभासदांना आपोआप कळणार होतं. दादा एवढा भला दिसणार म्हटल्यावर जालिंदरलाही निम्मा भलेपणा हवाच होता.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जनरेटर आला. ट्रकमधून उतरवायला आठ माणसं लागली. हिरव्या रंगाचं ते धूड अंगणात कुठं ठेवायचं यावर सकाळ गेली. शेवटी दोघांच्या अंगणाच्या बरोबर मधे ओटा बांधला, निम्मा याच्या हद्दीत, निम्मा त्याच्या. पोपट वायरमननं एक वायर दादाच्या मीटरच्या बोर्डाला नेली, दुसरी जालिंदरच्या. डिझेल भरलं. दोन दिवसांत सगळं तयार झालं.

त्याच दुपारी लाईट गेली. मी आईला उशा लावल्या आणि बाहेर आले. दादा जनरेटरवर प्लॅस्टिकचा कागद बांधत होता.

"दादा, लाव की चालू."

"वेडी का काय तू? पूजा झाल्याबिगर?"

"मग कर पूजा. नारळ मी आणते."

"पतसंस्थेचं चेअरमन पहिल्या तारखेला मोकळं हायती. त्यांच्या हातनं बटण दाबायचं ठरलंय. कार्ड छापून आलंय." दादानं खिशातून कार्ड काढून मला दाखवलं. 'मातोश्रींच्या सेवेसाठी' असं वर लाल अक्षरात होतं आणि खाली दोघा भावांची नावं एका ओळीत, कुणी खाली-वर नको म्हणून.

तर आईच्या सेवेसाठी जनरेटर दारात प्लॅस्टिक पांघरून उभा राहिला आणि आत मी त्याच आईला उशांनी वळवत राहिले. आई त्या हालचालीतही माझ्या कानाशी पुटपुटली, "लगीन ठरलंय न्हवं त्येचं? मग नवरदेवाला आधी कसं वापरायचं?"

मला हसू आलं. पण जखमेवरची पट्टी बदलताना हसू मावळलं. कडा पुन्हा काळसर दिसत होत्या.

पहिली तारीख उजाडली. अंगणात मांडव, खुर्च्या, झेंडूची तोरणं. दहाच्या सुमारास लाईट गेली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात लाईट गेल्याचा आनंद झाला. "अगदी येळंवर गेली बघा!" दादा हात चोळत म्हणाला. मुहूर्त अकराचा होता. तासाभराचाच प्रश्न, तोवर गादी तग धरेल असा हिशेब मी मनाशी केला.

"शालन, चल, तुला बसायचंय पूजेला," दादानं हाक मारली.

"मी? मी आईजवळ थांबते. वहिनी बसतील."

"दोघींत कुठल्या वहिनीला बसवू?" दादानं आवाज खाली आणून विचारलं. "एकीला बसवलं तर दुसरी चार म्हैने बोलायची न्हाई. तू माहेरवाशीण. तुझा मान हाय."

हक्क सोडला तरी मान शिल्लक होता म्हणायचा. "आईजवळ कोण?" मी विचारलं.

"मी हाय की वन्सं," मालनवहिनी म्हणाल्या. "तुम्ही जावा निवांत."

मी जनरेटरला हळदकुंकू लावलं. त्याच्या लोखंडी कपाळावर स्वस्तिक काढलं. पाच सुपाऱ्या मांडल्या. अकरा वाजले. चेअरमन आले नाहीत. साडेअकरा झाले. दादाचा फोन सारखा कानाला. "निघाल्यात... पेठनाक्यावर हायती... बस्स, आलंच." मांडवाखाली खुर्च्या भरल्या होत्या आणि लोक कार्डांनी वारा घेत होते.

"दादा, चालू कर ना. ते आल्यावर बंद करून परत दाबू दे त्यांना बटण. आईची गादी बसली असेल."

"एकदा चालू केल्यावर उद्घाटन कसलं? तू जरा दम काढ. मालन हाय आत."

तेवढ्यात मालनवहिनी माझ्या डोळ्यांसमोरून नथ घालून, नवी पैठणी सावरत मांडवात आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी ताट खाली ठेवलं आणि उठले, तोच फाटकात पांढरी गाडी थांबली. सनई सुरू झाली, लोक उठून उभे राहिले, आणि दादानं माझ्या हातात ओवाळणीचं ताट परत दिलं. चेअरमनना ओवाळलं. जनरेटरला ओवाळलं. नारळ फुटला. चेअरमननी बटण दाबलं.

काय आवाज झाला! समोरच्या चिंचेवरचे बगळे उडाले. मांडवातले पंखे फिरले, हॉलमधले दिवे लागले, एसीनं थंड श्वास सोडला, दोन टीव्हींवर दोन वेगळी चॅनेलं सुरू झाली, देवघरातली माळ लुकलुकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा आणि जालिंदर दोघांनी एकाच वेळी चेअरमनना हार घातले. मी ताट तिथंच ठेवून आत पळाले.

हॉल ओलांडला, बोळ ओलांडला. सगळीकडं झगझगीत उजेड. आईच्या खोलीत अंधार. पंखा बंद, पंप बंद. गादी सपाट झाली होती, सतरंजीसारखी. आई लाकडी फळीवर पाठ टेकून पडली होती. घामानं पातळ भिजलं होतं. डोळे उघडे होते आणि त्यांतून पाणी कानांवर ओघळत होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवले. मी कान नेला.

"लई हाका मारल्या गं," ती म्हणाली.

मी तिला कुशीवर केलं, पाठीशी उशी लावली. पट्टीतून रक्त आलं होतं. मग मी बाहेर आले आणि भिंतीकडं बघितलं. लाल मुठीची दांडी मधोमध होती. ना वर, ना खाली.

आज पहिली तारीख होती. दादानं सकाळी लाईट गेल्यावर, कपडे करायला जाता जाता, नेहमीप्रमाणं ती वरून मधे आणली होती. जालिंदर हार आणायला गेला होता, तो दांडी खाली करायला विसरला. लाईटच नव्हती, त्यामुळं खोली बंद पडल्याचं कुणाला कळलंही नाही. जनरेटर दोन्ही मीटरांना जोडलेला होता. दांडी वर असती तरी पंप चालला असता, खाली असती तरी चालला असता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर पाहुणीनंच दोघांना जन्म दिला होता.

मी ओरडलेच. "दादा! जालिंदर!"

दोघे धावत आले. त्यांच्यामागं हार घातलेले चेअरमन, पोपट वायरमन, आणि बोळ भरेपर्यंत माणसं. चेअरमनना वाटलं, मातोश्रींचं दर्शन घ्यायचा कार्यक्रम आहे. ते हात जोडूनच आले.

"हितं लाईट का न्हाई?" दादा पोपटवर डाफरला.

"मला दोन मीटरं सांगितली, दोन जोडली," पोपट म्हणाला. "दांडी तुमची तुमी बघायची."

"आज पहिली हाय," दादा जालिंदरकडं वळला. "तुझी पाळी. खाली का केली न्हाईस?"

"माझी पाळी आज रातच्या जेवणापास्नं. सकाळचा चहा तुझ्या घरातनं आला का न्हाई तिला? मग दुपारपतोर तुझीच."

"चहाचा आन मीटरचा काय संबंध? तारीख बदलली की मीटर बदललं!"

"मग डिझेल? डिझेलचं कसं धरायचं ते ठरलंय का?"

झिरोच्या बल्बाइतक्या विजेचं डिझेल! बाहेर दोन एसींपुरतं धूड धडधडत होतं. मी दांडीच्या लाल मुठीवर हात ठेवला. दोघेही माझ्या हाताकडं बघू लागले, मी कुठं सरकवते ते बघायला.

खरं तर कुठंही सरकवली असती तरी त्या दिवसाचं भागलं असतं. पण पुढच्या महिन्याला पुन्हा पहिली तारीख येणार होती, आणि तेव्हा मी इस्लामपुरात फळ्यावर पाढे लिहीत असणार होते. मी हात काढून घेतला.

"चेअरमनसाहेब," मी म्हणाले, "आईला हॉलमध्ये न्यायचंय. तिथं जनरेटरची लाईट आहे. तुमच्या हातानं जनरेटर लागला, खाटेलाही हात लावता का?"

चेअरमन गोंधळले. पण मागं एवढे सभासद उभे. त्यांनी परीटघडीच्या बाह्या सारल्या आणि खाटेचा एक पाय धरला. आता चेअरमननी धरल्यावर दादा काय बघत राहतो? त्यानं दुसरा धरला. दादानं धरल्यावर जालिंदरनं तिसरा. चौथा पोपटनं. पंप मी उचलला.

"शालन, हॉलमधी?" दादा दातांत कुजबुजला. "पाहुणं येत्यात तिथं."

"कार्डावर काय छापलंय दादा? मोठ्यानं वाचू?"

दादानं खाट उचलली.

हॉलमध्ये गेल्यावर पुढचा प्रश्न आलाच. "हितं," जालिंदर दादाच्या सोफ्याकडं मान करून म्हणाला. "तिकडं," दादा म्हणाला. मी मधे जाऊन पितळी पट्टीवर उभी राहिले.

"इथं ठेवा. पट्टीवर."

खाट पट्टीवर आडवी बसली. दोन पाय दादाच्या फरशीवर, दोन जालिंदरच्या. मी दादाच्या टीव्हीची पिन उपसली आणि त्या जागी पंपाची घातली. जालिंदरच्या बाजूचा पंखा आईच्या अंगावर वळवला. पंप घुरघुरला. नळ्या एकेक करून फुगू लागल्या आणि आई हळूहळू वर आली.

चेअरमन घाम पुसत वाकले. "कसं वाटतंय मातोश्री?"

आईचे ओठ हलले. चेअरमननी कान नेला आणि एकदम सरळ झाले. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाल्या, चौघांनी उचललं तवा वाटलं, आज न्हेत्यातच."

पहिल्यांदा पोपट हसला, मग सगळा हॉल. दादालाही हसावं लागलं. चेअरमननी तिथंच छोटं भाषण केलं. आजच्या काळात आईला दिवाणखान्याच्या मधोमध स्थान देणारे पुत्र दुर्मीळ आहेत, असं काहीतरी. दादा आणि जालिंदर माना खाली घालून ते स्वीकारत होते. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात फोटो आला: चेअरमन, दोन मातृभक्त बंधू आणि खाटेवर आई. डाव्या कडेला टीव्हीच्या पिनेवर एक हात दिसतो. तो माझा.

एकदा पेपरात छापून आल्यावर आईला परत मागच्या खोलीत न्यायची कुणाची छाती होती? दादा संचालक झाला. येणारा जाणारा सभासद आधी आईच्या पाया पडू लागला, आणि पाया पडणाऱ्याला चहा द्यावाच लागतो, तो कधी या घरातून तर कधी त्या घरातून. जखम भरायला दिवाळी उजाडली, पण भरली.

पण हे सगळं पुढचं. उद्घाटनाच्या त्या संध्याकाळी मांडव उतरला, लोक पांगले, लाईट आली, जनरेटर बंद झाला. मी आईचे केस विंचरत होते. तिनं डाव्या हाताच्या खुणेनं मला जवळ बोलावलं.

"शालन."

"काय गं?"

"वाटणी झाल्यापास्नं आज पयल्यांदा दोघांच्या घरात एका येळी निजले बघ."

मी फणी पुन्हा तिच्या केसांत घातली. तिनं डोळे मिटले. गादीच्या नळ्या उतरत होत्या, फुगत होत्या.

आई त्यानंतर तीन वर्षं जगली, त्याच पट्टीवर. ती गेल्यावर ठरल्याप्रमाणं मागच्या खोलीत मधोमध भिंत आली. गेल्या वर्षी भाऊबीजेला गेले होते. जनरेटर गंजला होता, दोन्ही एसींची मॉडेलं बदलली होती. बोळातून जाताना बघितलं तर लाल मुठीची दांडी अजून भिंतीवर, मधोमध. मी जालिंदरला म्हटलं, आता कशाला ठेवलीय ही, काढून टाक.

"काढली असती की आक्का," तो म्हणाला. "पण काढायची पाळी दादाची हाय."